दरबारच्या गादीतला कापूस

पिंजाऱ्याच्या घरात वारशानं दोनच गोष्टी येतात, खोकला आणि बढाई. दिग्रसच्या अय्याजकडे दोन्ही आल्या होत्या. बढाई अशी, की पुसदच्या वाटेवरच्या सावळगढच्या राजवाड्यात राजा ज्या गादीवर बसून दरबार भरवायचा, ती गादी अय्याजच्या आजानं, शहजाद पिंजाऱ्यानं भरलेली. अय्याजचे अब्बा, इकबालचाचा, ही गोष्ट इतक्या वेळा सांगत, की गल्लीतल्या बकऱ्यासुद्धा ती ऐकून उठून जायच्या.

पण यंदा म्हातारा हट्टालाच पेटला. कारणही तसंच होतं. कापसाचं पार वाट्टोळं झालेलं. बाजारात भरल्या गाड्या तीन-तीन दिवस उभ्या, अन् लोक फोमच्या गाद्या डोक्यावर घेऊन घरी निघालेले. अहो, ज्यानं जन्मभर कापूस पिकवला तोही पोरीच्या लग्नात फोमची गादी देतो, आता बोला! अय्याजनं शेवटी कापूस पिंजायचं पिंजण खुंटीला टांगलं आणि एका गॅरेजात पंक्चर काढायला लागला.

"धंदा गेला तं जाऊ दे," अब्बा म्हणाले. "नाव तं राहू दे. मी डोये मिटाच्या आंधी त्या वाड्यात माह्या बापाचं नाव लागलं पाह्यजे. दुसरं काई मांगत नाई तुले."

राजा जाऊन जमाना झाला. वारस नागपुरात. वाड्याच्या वरच्या मजल्यावर तिकीट लावून राजघराण्याची चित्रं, हत्यारं, हस्तिदंताच्या वस्तू बघायला मिळत. प्रत्येक वस्तूखाली पाटी. गादीखालच्या पाटीवर लिहिलेलं, 'कारागीर अज्ञात'. अय्याज तिथल्या किसनरावांना जाऊन भेटला. वाड्याची सगळी देखरेख त्यांच्याकडे, आणि माणूस सरळ.

"कागद आणा काहीतरी," किसनराव म्हणाले.

"पिंजाऱ्याजवळ कुठला कागद साहेब? पण आमच्या घरची खूण हाये. गादी भरली का शेवटल्या कोपऱ्यात हिरव्या चिंधीत सात सरक्या बांधून टाकतो, मंग टाका मारतो. आजा टाके, अब्बा टाकत, मीबी टाकतो. कापसाचं बी कापसापाशीच राहावं म्हून. दुसरं कोणी टाकत नाई."

किसनरावांनी कान खाजवला. "अभ्रा तसाही उंदरांनी कुरतडलाय, उसवायचाच आहे. मंगळवारी वडलांना घेऊन या. तुमच्यासमोर उसवू. खूण निघाली, तर पाटी बदलली समजा."

मंगळवारी अब्बा पहाटेच उठून बसले. ईदेचा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. एसटीत शेजारच्या माणसालाही त्यांनी सगळी गोष्ट ऐकवली. त्या बिचाऱ्याला पुढच्या फाट्यावर उतरायचं होतं, तो आधीच उतरला.

वाड्यात आत शिरताना अब्बांनी चपला काढून हातात धरल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून अय्याजला एकेक चित्र सांगावं लागत होतं. हा राजाचा बाप, पायाखाली वाघ. ही राणी, हातात पोपट.

"कोणं काढलं ते लिहलं हाये का?" अब्बा दर चित्रापाशी विचारत.

"हाये."

"पाह्य! चितारी लोकायचे नावं हायेत. मंग आपलं काहून नाई?"

शेवटी मोठ्या दालनात आले. भिंतीवर राजाचं चित्र आणि चित्राखाली लाकडी चौथऱ्यावर तीच खरी गादी. चित्रात ती पुरीसारखी टम्म फुगलेली. खाली मात्र मधोमध बसलेली, अभ्र्याचा रंग विटलेला. अब्बांनी चित्रातल्या गादीचं वर्णन दोनदा करायला लावलं आणि दोन्ही वेळा मान डोलावली. अय्याजला वाटलं, बस्स, आता हे काम झालं तर म्हातारा सुखानं जाईल.

किसनरावांनी कात्री दिली. अब्बांनी शिवणीवरून बोटं फिरवली, शेवटचा टाका बरोबर हेरला आणि कोपरा उसवून हात आत घातला.

अय्याज वाकून बघत होता. वरती बोटभर जाडीचा कापूस होता खरा, स्वच्छ पांढरा. त्याच्याखाली करडे गोळे. जिनिंगमधला झाडलेला कचरा, जुन्या गाद्यांतली रद्दी, तागाचे तुकडे, रंगीबेरंगी चिंध्या. गरिबातल्या गरिबालाही पिंजारी असला माल देत नाही. ज्याचे डोळे गेले त्याच्या बोटांना ते आधीच कळलं होतं.

मग हात बाहेर आला. मूठ मिटलेली. दोन बोटांच्या मधून हिरव्या चिंधीचा दोरा लोंबत होता. खूण निघाली होती! पण खूण निघाली, म्हणजे हा कचराही आजानंच भरला होता.

"निघाली का चाचा?" किसनराव गादीच्या दुसऱ्या बाजूनं म्हणाले.

अब्बांनी मूठ कुर्त्याच्या खिशात घातली. "नाई."

"नीट बघा. दुरून आलाय तुम्ही."

"पाह्यलं. हा माल आमच्या घरचा नाई, साहेब."

किसनरावांनी कोपऱ्यात डोकावून एक चिंधी ओढून काढली आणि खो खो हसले. "अरे बापरे! राजाला बरं गंडवलं लेकाच्यानं!"

अब्बाही हसले. ते हसणं अय्याजला बघवेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मग पाटी तशीच राहू द्यायची ना?"

"राहू द्या," अब्बा म्हणाले.

फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं बाकड्यावर बसले. चार माणसं आजूबाजूला होती. अय्याजला गप्प राहवेना.

"राजानं कापूसच कमी देल्ला असन, अब्बा. आजा तरी काय करन?"

"गाडीभर देलता. त्याच्या बागेतला देवकापूस. माह्यी मायच सांगे."

"मंग गेला कुठं तो?"

अब्बांनी खिशातली हिरवी चिंधी काढून मुठीत धरली.

"ज्या साली हे गादी भरली, त्याच साली मी झालो. पौषाचा महिना, थंडी कडाक्याची. आंधीचे दोन लेकरं गारठून गेलते मायचे. माय म्हणे, इकबाल, तुह्या वक्ताले माह्याखाली हातभर जाड गादी होती, लोण्यावानी. रानीचं बायतपण असं झालं नसन. म्हून जगला तू. मी हासो तिले. म्हणो, हिले काईबी सांगाची सवयच हाये. पिंजाऱ्याच्या घरी कुठली आली तसली गादी?"

एसटी येऊन थांबली. माणसं चढू लागली. अय्याजनं हात पुढे केला, पण अब्बा उठले नाहीत.

"माय खरं सांगत होती रे," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागले.