टिटवीपुढे थांबलेला रविवार

माझ्या खुर्चीवर बसायला कुणी नाही, म्हणून मीच बोलतो. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक बिनचालकाचा ट्रॅक्टर.

कारखान्यात मला चारी बाजूंना डोळे बसवले. आकाशातले उपग्रह मला वाट दाखवतात. कुठल्या हातभर जमिनीला किती खत हवं, मक्याचा दाणा किती खोल जायला हवा, सगळं मला कळतं. मला विकणारा माझ्या मालकाला, हार्लनला म्हणाला होता, "आता तुम्ही मोकळे!"

हार्लन असा मोकळा झाला, की दिवसभर फोनला डोळे लावून बसू लागला. मी जरा वळलो तरी दचकायचा. संध्याकाळी बायकोला, विल्मिनाला म्हणायचा, "दमलो बाई आज!"

"कशाने? अंगठ्याने?" ती विचारायची.

विल्मिनाचा एक नेम होता. रविवार देवाचा, विश्रांतीचा दिवस; म्हणून लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून रविवारी शेतात पाऊल नाही, घरात सुरी नाही. बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून पाण्यात. हार्लनही तिच्यासोबत तो पाळत आला होता. सगळी वस्तीच पाळायची.

या मे महिन्यात मात्र ओढ्याकाठचा तुकडा पेरायचा राहिला, आणि रविवारी दुपारनंतर मोठा पाऊस सांगितला. ती जमीन एकदा भिजली की चाक रुततं. त्या तुकड्याचं यंदाचं पीक गेलंच समजा.

"मी कुठे काम करणार आहे?" शनिवारी माझ्या शेडपाशी हार्लन म्हणाला. "मी तर तुझ्या शेजारी चर्चमध्ये. पेरेल तो."

"देवाला फसवायला निघालास?"

"देवाने ट्रॅक्टरला कुठे मनाई केलीय?"

विल्मिना बटाटे सोलायला निघून गेली.

रविवारी चर्चच्या दारातून त्याने फोनवर बोट टेकवलं आणि मी निघालो. ओळी छान सरळ पडत होत्या. इतक्यात समोर टिटवी! पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत होती. मागे खड्यांत तिची अंडी. जिवंत काही दिसलं तर थांबून मालकाला विचारायचं, असं मला शिकवलंय. मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

थोड्या वेळाने दोघं रविवारच्या कपड्यांतच शेतात आली. त्यांच्या भांडणातून मला चर्चमधली हकिगत कळली. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलेलं, बाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या पुढे सरकत होत्या, आणि तेवढ्यात हार्लनचा फोन किंचाळला.

"वाजला तुझा एकट्याचा," विल्मिना म्हणाली, "आणि हात गेले सगळ्या पुरुषांचे खिशात! एव्हर्टचासुद्धा. आणि तो म्हणे चर्चचा कारभारी!"

"म्हणजे सगळेच पेरतायत," हार्लनला जरा बरं वाटलं.

"म्हणून पापही वाटून घेतलंत, गोळ्यांसारखं?"

पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. फोनवर माझा प्रश्न तसाच: पुढे काय?

"वळसा घाल म्हणतो त्याला," हार्लन म्हणाला. " अंडीही वाचतील, पेरणीही होईल."

"म्हण की. पण मग ते काम तुझ्याच हाताचं झालं. आणि बायबलातल्या आज्ञेत बैलालाही विश्रांती सांगितलीय. हा आपला बैल नाही तर कोण?"

हार्लनचं बोट अधांतरी राहिलं. त्याने आभाळाकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजोबांचे घोडे रविवारी कुरणात असायचे," तो पुटपुटला आणि फोन तिच्या पर्समध्ये टाकला. "धर. वाजला तरी देऊ नकोस."

पाऊस आला. तुकडा यंदा पडीक राहिला. टिटवीची पिल्लं मात्र त्यात धावली.

शनिवारी संध्याकाळी लोक गाड्या हळू करून एकमेकांच्या ओळी बघत जातात. कुणाची ओळ वाकडी गेली तर आठवडाभर चिडवतात. ओढ्याकाठच्या त्या पडीक तुकड्याला मात्र कुणी हसलं नाही. पुढच्या रविवारी वस्तीतला एकही बिनचालकाचा ट्रॅक्टर हलला नाही. भक्तीने की फोन वाजण्याच्या भीतीने, ते मला सांगता येत नाही. ते मोजायचं यंत्र माझ्यात बसवलेलं नाही. विल्मिना म्हणते, भीतीने का होईना, सुरुवात झाली.

आता रविवारी हार्लन फोन माझ्या खुर्चीवर ठेवून चर्चला जातो. बिचारा तिथे वाजत बसतो.

माणसांनो, मला थांबायला तुम्हीच शिकवलंत. कधीतरी तुम्हीही थांबा. माझी खुर्ची रुंद आहे. तुमचेही फोन आणून ठेवा. मी सांभाळीन.