गिरीशकाकांची शिडी

"ओढ, अजून ओढ. मोटरवेवर शिडी सुटली तर पेपरात नाव येईल माझं," गिरीश गाडीच्या पलीकडून म्हणाले.

देवयानीने टपावरची दोरी ओढून गाठ मारली. "बाबा, पुष्करच्या घरी साधी शिडी नाहीये का? एवढा आयटीतला माणूस."

"शिडी असेल गं. चढायला मी लागतो."

ते खरंच होतं. नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला आलेला माणूस काही वर्षं कंपनीच्या भरवशावर असतो. कंपनीने हात काढून घेतला, की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. म्हणून त्यांच्या ओळखीतली मंडळी मोठी बॅग छतातल्या लॉफ्टवर टाकत नसत. ती पलंगाशेजारी नाहीतर दाराआड, डोळ्यांसमोर असे. कायम राहायची परवानगी आली, की मगच वर. आणि ती चढवायला स्टॅनमोरहून गिरीशकाका आपली शिडी घेऊन येणार, असा पायंडाच पडून गेला होता.

त्यांची स्वतःची बॅग मेडनहेडच्या भाड्याच्या घरात पाच वर्षं दाराआड उभी होती. तिच्यावर बसून देवयानी शाळेचे बूट घालायची. त्या वर्षांत ऑफिसातली ख्रिसमसची ड्यूटी कायम गिरीशची. सुट्टी रद्द झाली तरी गिरीश म्हणायचे, "नो प्रॉब्लेम." घरी आले की बॅगेवर थाप मारायचे. "पाहुणी बसलीये अजून?" बाबा कुणाशी भांडत का नाहीत, हे देवयानीला खूप मोठी झाल्यावर कळलं. परवानगी आली त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याची शिडी मागून बॅग वर टाकली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची शिडी विकत आणली. स्वतःचं घर व्हायला अजून अवकाश होता.

पुष्करची बॅगही त्या शनिवारी तशीच वर गेली. शिडीच्या टोकावरून गिरीशनी नेहमीचं विचारलं, "धरलीस ना?" आणि खालून देवयानी नेहमीचं म्हणाली, "धरलीये, चढा."

परतीच्या वाटेवर आशाचा फोन आला. ती नवरा नकुल आणि छोट्या लेकीबरोबर इल्फर्डला राहायची, नर्स होती. परवानगीला वर्षभर उरलं होतं.

"काका, आमच्या नर्सिंग होमचं स्पॉन्सरशिपचं लायसन्स गेलं. आता माझा व्हिसाही जाणार." ती रडायला लागली.

गिरीशनी गाडी कडेला घेतली. "रडून घे. मी थांबतो."

ते खरंच थांबले. वायपर काचेवर फिरत राहिला. मग म्हणाले, "सोमवारी घरी ये, दोघं बसून अर्ज करू. नर्स हवीये सगळ्यांना. आणि हे बघ, बॅग आहे तिथेच राहू दे. भरायची नाही."

"नकुलने भरायला घेतलीये, काका."

"त्याला म्हणावं, काका येऊन कान उपटतील."

आशा रडता रडता हसली.

घरी चहा घेताना त्यांनी मधूनमधून विचारायचे तेच विचारलं. "देवू, तुला आजीआजोबांपासून उचलून इथे आणलं. बरं केलं ना गं?"

"हवा सोडली तर ठीक आहे," देवयानीही नेहमीसारखंच म्हणाली.

"हवेचं मी काय करणार?" म्हणत ते कप विसळायला गेले.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

सोमवारी आशाने दबकतच फोन केला. "ताई, मला कळलं. माझं नंतर बघू."

"तुझे साठ दिवस काकांसाठी थांबणार आहेत का? ये."

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. देवयानीने गिरीशच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांना एकेक करून फोन लावले. प्रत्येकाला आधी बाबा गेल्याचं सांगायचं, मग नर्सची जागा आहे का विचारायचं. चौथ्या फोननंतर तिला रडू फुटलं. आशाने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"तू रडून घे, ताई. मी थांबते."

मुदत संपायच्या आत आशाला दुसऱ्या नर्सिंग होमने घेतलं. वर्ष उलटलं आणि एका दुपारी तिचा फोन आला.

"आलं, ताई," एवढंच ती म्हणाली.

देवयानीने एकटीने शिडी टपावर बांधली. दोरी पलीकडून ओढायला कुणी नव्हतं, म्हणून दोनदा फेरी घालावी लागली.

इल्फर्डला आशाच्या जिन्यावर बॅग उभी होती. लाल, एक चाक तुटलेलं, हँडलला अजून विमानतळाची पट्टी. छोट्या दियाने तिच्यावर स्टिकर चिकटवले होते.

"मी चढू का?" नकुलने विचारलं.

"नाही. तू बॅग दे."

आशाने खालून शिडी पकडली. देवयानी चढली, लॉफ्टचं झाकण सरकवलं, आणि वरच्या पायरीवर पाऊल टाकताना थबकली. इथे बाबा विचारायचे; या वेळी विचारायचं तिने होतं.

"धरलीस ना?"

"धरलीये, ताई. चढ."

नकुलने उचलून दिलेली बॅग तिने कवेत घेतली आणि आत ढकलली. तुटकं चाक फळीवर खरडत गेलं. अंधारात खांद्यापर्यंत शिरून ती तशीच उभी राहिली.

"गेली का गं आत?" खालून आशाने विचारलं.

"गेली," ती म्हणाली. मग समोरच्या अंधाराला, खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला इथे आणलंत ना, बरं केलंत."