शिगेनोच्या झाडाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की तुम्हाला आधी राजकारण आठवणार, ठाऊक आहे मला. पण मी खरोखरीची, चार पायांची, दोन हातांची खुर्ची आहे. गावाच्या सभागृहात काचेच्या पेटीत राहते. येणारा-जाणारा मला वाकून नमस्कार करतो, आणि आजवर माझ्यावर कुणीही बसलेलं नाही. या दोन्ही गोष्टींची मला लाज वाटते.

आधी मी झाड होते. जपानमधल्या आयझूच्या डोंगरातल्या आमच्या गावात मुलगी जन्मली की घरामागे किरीचं रोप लावतात. मुलीबरोबर झाड वाढतं. तिचं लग्न ठरलं की ते तोडून तिला खणांचं कपाट करून देतात, आणि त्या कपाटात आपले किमोनो भरून ती सासरी जाते. तोकुजी सुताराला शिगेनो झाली त्या वर्षी बर्फ वितळल्यावर त्याने मला लावलं. म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या.

लहानपणी ती माझ्याशी उंची मोजायची आणि हरली की मला चापट मारायची. मे महिन्यात माझी जांभळी फुलं खाली पडली की ओच्यात गोळा करायची. मैत्रिणी आल्या की त्यांना ऐटीत सांगायची, "हे माझं कपाट. सध्या उभं आहे." मला त्या बोलण्याचा अभिमान वाटायचा. कुणासाठी वाढतोय हे माहीत असलं की झाडालाही बरं वाटतं.

शिगेनो अठराची झाली आणि तिचं पलीकडच्या गावात जमलं. त्याच सुमाराला बातमी आली की राजघराण्यातले एक राजपुत्र नवं धरण पाहायला आमच्या खोऱ्यातून जाणार आहेत आणि वाटेत कदाचित आमच्याकडे थोडा वेळ विश्रांती घेतील. या 'कदाचित'वर गावाने काय काय केलं म्हणून सांगू! सभागृहाच्या सरकत्या दारांना नवा कागद चिकटवला, नवा संडास बांधला, भुंकणारी कुत्री कुठे बांधायची यावर दोन बैठका घेतल्या. आणि गावप्रमुख कुरामोची तोकुजीच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"तोकुजी, बसायला खुर्ची हवी. चटईवर थोडेच बसवणार त्यांना! आणि किरीचीच हवी. राजघराण्याच्या चिन्हात किरीचं फूल असतं."

"प्रमुखसाहेब, किरी फार मऊ. नख लागलं तरी खूण उमटते. कपड्यांसाठी उत्तम, माणसासाठी नाही. दुसऱ्या लाकडाची करतो ना चांगली."

"राजपुत्र काय ओरबाडणार आहेत होय रे तुझी खुर्ची?"

"तसं नाही. पण एवढा जाड बुंधा गावात एकच आहे." तोकुजीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तो पोरीचा आहे."

"मग पोरीचं भाग्यच म्हणायचं!"

शिगेनो चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तोवर देशात बायकांना मताचा हक्क मिळून कितीतरी वर्षं झाली होती, तिची आई दर निवडणुकीला चांगला किमोनो घालून मत द्यायला जायची. पण झाडाचा विषय निघाला तेव्हा आईलाही कुणी विचारलं नाही. शिगेनोने चहा ठेवला, वाकली आणि आत गेली.

तोडलेल्या किरीला वर्षभर ऊन-पाऊस खाऊ द्यावा लागतो, नाहीतर लाकूड पुढे काळवंडतं. माझ्यासाठी तेवढी सवड नव्हती. तोकुजीने मला घाईत घडवलं, पण मन लावून घडवलं. रंधा मारताना तो अधूनमधून थांबायचा आणि माझ्यावरून उगाच हात फिरवायचा. तो हात सुताराचा नव्हता, बापाचा होता. माझ्या पाठीवर जे काळे डाग आज दिसतात ते त्या घाईचे आहेत. लोक म्हणतात, खुर्चीला जुनेपणाचं तेज आलंय. कसलं तेज आणि कसलं काय!

तो दिवस उजाडला. सगळं गाव सकाळपासून कागदी झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं होतं, म्हातारीकोतारीसुद्धा. मी सभागृहात दाराकडे तोंड करून एकटी. गाडी आली, हळू झाली, काच खाली सरकली. पांढरा हातमोजा घातलेला एक हात बाहेर आला आणि हलत राहिला. त्या हातामागे एक फिकट, तरुण चेहरा होता. उघड्या दारातून त्याची नजर क्षणभर माझ्यावर टेकली. दिवसभर उभा राहिलेला माणूस खुर्चीकडे जसा पाहतो, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काच वर गेली आणि गाडी वळणाआड झाली. आधीच उशीर झाला होता म्हणे.

त्या चेहऱ्याचा राग मला कधीच आला नाही. तोही जन्मापासून कशासाठी तरी ठरवलेला, मीही.

बरं, ते बसले नाहीत. म्हणजे मी साधी खुर्ची व्हायला हवी होते ना? पण कुरामोची म्हणाले, "त्यांच्यासाठी केलेल्या खुर्चीवर दुसरं कोण बसणार?" आणि ते सगळ्यांना पटलं. काचेची पेटी आली, पितळी कुलूप आलं. किल्ली तोकुजीच्या घराण्याकडे राहील आणि बापाकडून थोरल्या मुलाकडे जाईल, असं सभेत ठरलं. अगदी लोकशाही पद्धतीने, हात वर करून!

शिगेनो सासरी गेली ती दुकानातून आणलेलं प्लायवूडचं कपाट घेऊन. पुढे पुष्कळ वर्षांनी, माझी धूळ पुसताना, तिने तिथला पहिला दिवस मला सांगितला. सासूने एका हाताने कपाट ढकलून पाहिलं आणि चारचौघींत म्हणाली, "हलकं आहे गं तुझं कपाट. माहेरही असंच हलकं का?" सांगताना शिगेनो हसत होती. मला मात्र पेटी फोडून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. ज्या लाकडाने तिचं माहेर जड केलं असतं, ते लाकूड इथे काचेआड नमस्कार घेत बसलं होतं.

नवरा गेल्यावर ती गावी परतली. तोकुजी तेव्हा राहिला नव्हता. किल्ली धाकट्या भावाच्या, कात्सुओच्या नावावर होती, कारण मुलगा तो एकच. कात्सुओ दूर शहरात सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. किल्ली घरी खिळ्याला टांगलेली असायची. शिगेनो ती घ्यायची, मला पुसायची आणि पुन्हा खिळ्याला लावायची. नवीन वर्षाला कात्सुओ कोट घालून यायचा, सगळ्यांसमोर ऐटीत कुलूप उघडायचा आणि टाळ्या घ्यायचा. शिगेनो फडकं हातात धरून मागे उभी.

सभागृहाच्या भिंतीशी घडीच्या लोखंडी खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. सभा, मतदान, अंत्यविधीचं जेवण, सगळं त्यांच्यावर होतं. गुडघे गेलेली म्हातारी माणसं त्यांच्यावर टेकतात आणि "हुश्श" म्हणतात. ते "हुश्श" ऐकलं की मला त्या खुर्च्यांकडे पाहवत नाही. त्यांना कुणी वाकून नमस्कार करत नाही. मला करतात. का? तर मला ज्याच्यासाठी घडवलं त्याच्यासाठी घडवलं म्हणून. दुसरं काय केलंय मी?

गेल्या हिवाळ्यात कात्सुओ वारला, आणि आज सकाळी किल्लीसाठी सभा भरली. आताचे गावप्रमुख जुन्या कुरामोचींचे नातू, तेही कुरामोचीच. कात्सुओचा मुलगा हारुहिको तोक्योहून पहाटेच्या गाडीने आला होता. पन्नाशीचा, सभ्य, जरा गांगरलेला.

"प्रश्न काही नाहीच," प्रमुख म्हणाले. "वडिलांनंतर मुलगा. हारुहिको, तुम्ही घेणार ना किल्ली?"

"हो, म्हणजे... वर्षातून एकदा येईन. जमलं तर."

"एकदा?" केस कापण्याचं दुकान चालवणारी योशिए मागून ओरडली. "धूळ काय तुमच्या रजेची वाट बघत थांबणार आहे? शिगेनो आजी रोज पुसतात ती खुर्ची. द्या की त्यांनाच!"

"आजी लग्न होऊन गेल्या, नाव बदललं. नियम आहे, योशिए. अहो, राजवाड्यातसुद्धा मुलीला गादी नाही. बाहेर लग्न केलं की तिचं घराणं सुटतं. मग आपण कोण मोठे शहाणे?"

"त्यांना कायद्याने बांधलंय. तुम्हाला कुणी बांधलंय?"

ताकिझावा नावाचे एक वृद्ध गुरुजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरी, काहीतरी न बदलणारं असावं गं. पंतप्रधानाचं नाव पाठ होतं न होतं तोच दुसरा येतो. राजाची गादी ही एकच जागा अशी, जिच्यासाठी कुणी भांडत नाही. मनाला बरं वाटतं."

"गुरुजी, बरं मलाही वाटतं. नवीन वर्षाला टीव्हीवर राजाचा तो हात हलताना दिसला की मीही हलवते घरात वेड्यासारखी. पण त्या हाताला कुणी विचारलंय का कधी, बाबा, जन्मभर हलायचंय का तुला?" मग ती प्रमुखांकडे वळली. "आणि साहेब, तुमचे आजोबा, मग वडील, मग तुम्ही. मतं आम्ही देतो, पण निवडून तुमचंच आडनाव येतं. राजवाड्यात निदान मतपेट्यांचा खर्च तरी वाचतो!"

सभागृह हसून हसून लोळलं. प्रमुखांचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नाही. ते शिगेनोकडे वळले. "आजी, तुमचं काय म्हणणं?"

"मला विचारताय?" तिने खरोखरच मागे वळून पाहिलं.

"मग कुणाला? झाड तुमचंच होतं ना?"

इतक्या वर्षांत हे वाक्य या सभागृहात पहिल्यांदा बोललं गेलं. शिगेनो गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली.

"किल्ली द्या मला. पुसायचं मीच, तर खिळ्यावरून चोरासारखी काढायला नको. पण माझ्यानंतर माझ्या नातीच्या गळ्यात बांधू नका. दर दोन वर्षांनी हात वर करून ठरवा. ज्याला हौस असेल त्याने घ्यावी, बाई असो की बाप्या."

सगळ्यात आधी हात वर झाला तो हारुहिकोचा. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला असं सुटता न आलेला, गाडीच्या काचेतला तो फिकट चेहरा आठवला. मग बाकीचे हात आले. गुरुजींचा जरा उशिरा आला, पण आला.

"आता एकदा बसा की खुर्चीवर, आजी!" प्रमुख म्हणाले. "फोटो काढतो."

माझ्या चारही पायांतून काहीतरी सरसरत गेलं.

"अगं बाई! छे छे," शिगेनो दोन्ही हात हलवत मागे सरली. "त्यांच्यासाठी केलेली आहे ती."

लोकांनी भाताचे गोळे खाल्ले, मुळ्याचं लोणचं खाल्लं आणि ते पांगले. शिगेनो मागे राहिली. आता स्वतःच्या असलेल्या किल्लीने तिने कुलूप उघडलं आणि नेहमीसारखी पुसायला वाकली. उठताना तिचा गुडघा दगा देऊन गेला. तिने पटकन माझा हात धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. केवढासा भार तो! पण माझ्या आयुष्यातला पहिला. मी सोसला. मला सोसता आला.

ती सावरली आणि तिने पाहिलं, तर माझ्या हातावर तिच्या नखांच्या चार खुणा उमटलेल्या. तिचा चेहरा उतरला. दोन पावलं मागे जाऊन ती माझ्यापुढे वाकली. "माफ कर. चुकलं माझं."

माझी माफी मागितली तिने, माझी!

मग खुणांवरून बोट फिरवत ती स्वतःशीच पुटपुटली, "बाबा म्हणायचे, ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री फिरवली की किरी पुन्हा फुगते, खूण जाते. उद्या आणते इस्त्री." कुलूप लावून ती गेली.

शिगेनो, तुला ऐकू येत नाही, तरी सांगते. राजा असावा की नसावा, ते तुम्ही माणसं हात वर करून ठरवा. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की मी तुझी होते आणि तुझी झाले नाही. उद्या इस्त्री आणू नकोस. कुलूप उघड, पाठ टेक आणि दुखरे पाय सोडून बस. लाकूड मऊ आहे. तुझी खूण उमटेल माझ्यावर. उमटू दे.