हृदयावरणाची सूज

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत ती बसायची. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला कोड, म्हणजे यादीतला ठरलेला क्रमांक, द्यायचा, एवढंच तिचं काम. डॉक्टरांनी न लिहिलेल्या आजाराला कोड द्यायचा नाही आणि शंका विचारलीच, तरी प्रश्नात आजाराचं नाव घालायचं नाही, हे नियम.

त्या सकाळी स्क्रीनवर दादाची फाइल आली. आई गेली, बाप गेला. तिच्या माहेराचं दार उघडं राहिलं ते या दादामुळे. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन अकरावा दिवस. घरच्या माणसाची फाइल दुसऱ्याकडे द्यायची असते. तिला राहवलं नाही, तिनं ती उघडली. ताप. आडवं झालं की छातीत कळ, पुढं वाकलं की उतार. हृदयाभोवती पाणी, परवापेक्षा आज दुप्पट. आणि खाली सर्जनांची ओळ: साधा ताप, उद्या घरी.

तिनं सर्जनांना लेखी विचारलं, 'या लक्षणांचं कारण स्पष्ट करावं.' उत्तर आलं, 'ताप.'

ती जिना चढून वर गेली.

"सर, माझ्या भावाच्या हृदयावरणाला सूज आलीय. पाणी वाढतंय."

सर्जन चहा ढवळत हसले. "बहीण म्हणून आलात की ऑफिसकडून? बहिणीला फाइल बघायचा हक्क नाही. ऑफिसला आजाराचं नाव घ्यायचा नाही. मग बोलतंय कोण?"

"सर, पाया पडते."

"वर्षभरात माझ्या एकाही पेशंटला गुंतागुंत नाही, बाई. नोकरी नकोशी झालीय का?"

दुसऱ्या दिवशी दादा चाकाच्या खुर्चीतून निघाला. "काय गं चिमणे, तोंड का पाडलंस? घरी निघालोय, मसणात नाही!"

आजाराचं नाव तिच्या ओठांपाशी आलं आणि भिऊन मागं फिरलं. तिनं त्याच्या अंगावरची शाल सारखी केली. "जप रे."

पाचव्या दिवशी दादा जेवता जेवता ताटावर कलंडला. इस्पितळात आणेपर्यंत पाण्यानं आवळलेलं काळीज थांबलं.

फाइल पुन्हा तिच्याकडे आली. या वेळी सर्जनांनी नाव पूर्ण लिहिलं होतं: शस्त्रक्रियेनंतरची हृदयावरणाची सूज. पुढं: सुरुवात घरी गेल्यावर. डॉक्टरांनी लिहिलंय तेच मांडायचं. तिनं मांडलं.

दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, डॉक्टर म्हणतात हे घरी सुरू झालं. मी त्यांना अंघोळ घातली होती हो, खिडकी उघडी राहिली होती. तुम्ही कागद बघता. खरं सांगा, माझ्या हातून झालं का?"

खरं सांगायचं, तर तिला सगळं आधीच ठाऊक होतं हेही सांगावं लागणार होतं.

"कागदावर तसंच आहे, वहिनी," ती म्हणाली. "घरी सुरू झालं."

"बरं," वहिनी म्हणाली, "मला वाटलंच होतं."