यादीबाहेरचा फोन

थेडा लिंडक्विस्टबाईंना मिळण्यासारखं बरंच होतं. ओहायोतल्या नऊशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजाच्या त्या अध्यक्ष. आता मॅसॅच्युसेट्समधल्या चौपट ठेवींच्या कॉलेजाचं अध्यक्षपद समोर दिसत होतं. वर अकरा खोल्यांचा बंगला, आणि माजी विद्यार्थ्यांना गळकं वसतिगृह दाखवून देणगी मागण्यातून कायमची सुटका. वय सत्तावन्न. यंदा हुकलं तर पुढे फक्त निरोपसमारंभ.

आड येत होता एक कागद. बाई ग्रीक-लॅटिनचा विभाग बंद करायला निघाल्या होत्या, म्हणून ग्रीकचे प्राध्यापक ॲम्ब्रोज केलर गुरुवारच्या प्राध्यापकसभेत अविश्वासाचा ठराव आणणार होते. असल्या ठरावाने अध्यक्षाची खुर्ची हलत नाही. विश्वस्त तो वाचून बाजूला ठेवतात. पण तो वर्तमानपत्रात छापून येतो, आणि मग दुसरं कॉलेज दारात उभं करत नाही. त्यावर एक्केचाळीस सह्या गोळा केल्या होत्या इम्के रॉसने. ती त्याच विभागात लॅटिन शिकवायची, नोकरी कच्ची.

मुलाखत गुपचूप, विमानतळाजवळच्या हॉटेलात झाली होती. तेव्हापासून बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. जेवताना फोन पालथा घालायच्या, पुन्हा सुलटा करायच्या. मंगळवारी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. केलरना बोलावून न घेता स्वतः तिसरा मजला चढून त्यांच्या खोलीत गेल्या.

केलरनी खुर्चीवरचे पेपर उचलून जमिनीवर ठेवले. बाई विषय काढणार तोच म्हणाले, "रविवारी मला फोन आला होता. मॅसॅच्युसेट्सहून."

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. निवड समितीला त्यांनी आपल्याबद्दल चौकशीसाठी आठ नावं दिली होती, सगळी गोड बोलणारी. पण समित्या यादीबाहेरही एखादा फोन करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. स्वतःचे दोन डीन त्यांनी असेच पारखून घेतले होते.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, अशी अध्यक्ष शंभर वर्षांत एकदा मिळते. बोलताना गळा दाटून आला हो माझा."

"थट्टा नको, ॲम्ब्रोज."

"थट्टा कसली? ठराव मंजूर झाला तर तुम्ही इथेच राहाल. एवढा सूड मला परवडत नाही, अध्यक्षबाई."

मग दहा मिनिटांत बोलणं उरकलं. केलर ठराव मागे घेणार, बाई विभाग बंद करण्याच्या कागदावर सही न करता जाणार. लेखी काहीच नाही. इम्केने कारण विचारलं तेव्हा केलरनी तिला, योग्य वेळेची वाट पाहू, एवढंच सांगितलं. तिने विश्वास ठेवला आणि सह्यांचे कागद कपाटात घातले.

गुरुवारी सभेने सव्वा तास गाड्या लावायच्या जागेवरून वाद घातला. बाई टाचेने फरशी ठोकत बसल्या होत्या. दहा दिवसांनी हवा तो फोन आला.

जूनमध्ये त्या खरंच सही न करता गेल्या. विश्वस्तांना वर्षभरासाठी असा अध्यक्ष हवा होता, ज्याच्यावर प्राध्यापकांचा भरवसा असेल. त्यांनी केलरना बसवलं. दुसऱ्याच आठवड्यात तुटीचा तक्ता आणि विभाग बंद करण्याचा तोच कागद केलरांपुढे आला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि सही केली.

बाईंनी ही बातमी नव्या बंगल्यात येरझारा घालता घालता वाचली. त्याच सकाळी त्यांना कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजातून कुणीतरी चाचपून पाहिलं होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

शेवटी जमाखर्च असा झाला. बाईंना मोठं कॉलेज, केलरना खुर्ची. विभागातल्या पक्क्या नोकरीच्या दोघांना इतिहास विभागाने सामावून घेतलं. भुर्दंड इम्के रॉसला: नोकरी गेली, आणि कॉलेजचं घर ऑगस्टच्या आत रिकामं करायचं होतं.