घरून काढून आणलेलं प्लास्टर

“कधी काढलं हे?” इस्पितळातल्या प्लास्टरवाल्याने विचारलं.

“काल दुपारीच, मामा. कोमट पाण्यात तासभर भिजवलं, मग हळूहळू सोडवलं. जरासुद्धा रडला नाही,” बाळाची आई कौतुकाने म्हणाली.

त्याने ते इवलंसं पाऊल तळहातावर घेतलं. जन्मतःच आत वळलेलं. दर आठवड्याला ते नखभर सरळ करायचं आणि प्लास्टरने तिथेच धरून ठेवायचं, ही या कामाची रीत. उघडं पडलं की दिवसभरात ते मागे जातं. गेल्या आठवड्याची सगळी मेहनत पाण्यात गेली होती.

तरुण डॉक्टरांनी पाऊल हलवून पाहिलं. “सात प्लास्टरं झाली, पाय काही दाद देत नाही. ऑपरेशनची तारीख देऊन टाकू,” म्हणत त्यांनी ती केसपेपरवर लिहिलीसुद्धा.

आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

प्लास्टरवाल्याचं डोकं फिरलं. सत्तावीस वर्षं त्याने हेच पाय सरळ केले होते, बहुतेक सुरीविना. “पाय दाद देतोय, साहेब. आपणच त्याला परत मागे ढकलतोय. दारावर काय लिहिलंय? प्लास्टर घरीच भिजवून काढून या. का, तर इथे कापत बसलं की रांग एक वाजेपर्यंत संपत नाही. तुमचं घड्याळ सरळ चालावं म्हणून पोरांनी वाकडं चालायचं?”

“मामा, आवाज खाली. तुम्ही प्लास्टर घाला, डॉक्टरकी मला करू द्या.”

“करा की. पण आधी तीन आठवडे प्लास्टर मी इथे कापणार आणि लगेच दुसरं घालणार. नाही सरळ झाला पाय, तर खुशाल ऑपरेशन करा. अहो, पाटी लागली त्याच दिवशी मला कळलं होतं, हे असं होणार म्हणून.”

डॉक्टरांनी केसपेपरवरची तारीख खोडली. “तीन आठवडे. एकही जास्त नाही.”

ते गेल्यावर त्याने पट्टी पाण्यात बुडवली. जिंकल्यासारखं वाटत होतं.

“पाटी लागून दोन महिने झाले,” आई म्हणाली.

तो थांबला.

“तुम्हाला माहीत होतं. मी दर आठवड्याला तुमच्यासमोरच बसत होते ना?”

साहेबांच्या तोंडी कोण लागणार, आपण भले नि आपलं काम भलं, असं म्हणून तो मूग गिळून बसला होता. आता हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? डॉक्टरांवर काढलेला सगळा राग त्याच्या स्वतःवरच उलटला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

तिने बाळाचा पाय त्याच्यासमोर धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्याने आजवर घातलं नसेल इतकं नीट प्लास्टर घातलं, ते वाळेपर्यंत पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं.

दर वेळी दारातून ती “येते हं, मामा” म्हणायची. आज बाळाला खांद्यावर टाकून ती तशीच निघून गेली.