महिनाभर ठीक

कोर्टात जायच्या दिवशी मिस्त्रीने दाढी घोटली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि धाकट्या बहिणीला बजावलं, "तू नुसती बसून राहा. बोलायचं ते मी बोलतो." सारा जन्म इंजिनाच्या धडधडाटात काढलेला माणूस, चार शब्द एका दमात बोलायची त्याला सवय नव्हती. पण त्या दिवशी जीभ नुसती शिवशिवत होती.

प्रकरण तसं सरळ होतं. बहिणीचा नवरा आणि मिस्त्री एकाच बार्जवर कामाला. मेहुणा वर सुकाणूवर, मिस्त्री खाली इंजिनावर, तिसरं माणूस नाही. सहा महिन्यांपूर्वी सकाळच्या दाट धुक्यात एक अजस्र मालवाहू जहाज त्यांच्या अंगावर आलं. मिस्त्री कसाबसा पाण्याबाहेर निघाला. मेहुणा निघाला नाही.

मग समुद्री अपघातांच्या कोर्टात दावे लागले. जहाजवाल्यांचा बार्जच्या मालकावर, मालकाचा जहाजवाल्यांवर, आणि बहिणीचा दोघांवर. ते दोघे एरवी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, पण एका बाबतीत त्यांचं चांगलंच गूळपीठ जमलं होतं. धुक्यात भोंगा वाजवला नाही, सबब चूक सुकाण्याची, म्हणजे मेहुण्याची. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला काय जातं! तो उठून उलटतपासणी थोडीच करणार.

मालकाला तर हे लॉटरी लागल्यासारखंच होतं. बहिणीच्या वकीलबाईंनी ते नीट उलगडून सांगितलं. चूक नोकराची ठरली तर मालकाने द्यायच्या भरपाईला कायद्याची मर्यादा, आणि ती मर्यादा बार्जच्या वजनावरून ठरते. पण भोंगा बिघडलाय हे ठाऊक असून मालकाने बार्ज पाठवली असेल, तर मर्यादा गेली उडत.

"माणसाचं मोल बोटीच्या वजनावर?" बहीण म्हणाली. "ते जाऊ दे. पण माझ्या पोरींना शाळेत म्हणतात, तुझा बाप झोपला होता. तेवढं कोर्टाने पुसून टाकावं."

आणि मेहुणा झोपला नव्हता, हे या जगात एकट्या मिस्त्रीला माहीत होतं. भोंगा वीस दिवस बंद होता. मिस्त्रीने मालकाच्या कानावर तीनदा घातलं, तिन्ही वेळा मालक "बघू" म्हणाला. त्या सकाळी धुकं उतरलं तेव्हा मेहुण्याने वरून हाक मारून मोठा पाना मागून घेतला होता आणि तो तेलाच्या रिकाम्या पिंपावर बडवत होता. शेवटपर्यंत बडवत होता. खाली इंजिनापाशी मिस्त्रीला तो आवाज ऐकू येत होता, वर जहाजाला आला नाही.

पिंजऱ्यात उभं राहून मिस्त्रीने शपथ घेतली आणि हे सगळं सांगितलं. भोंगा सांगितला, मालकाचं "बघू" सांगितलं, पिंप सांगितलं. पिंपाशी आला तेव्हा न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बहिणीने पदर तोंडाला लावला. वकीलबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग मालकाचा वकील उठला. मोठा गोड माणूस. आवाजही चढवला नाही.

"मिस्त्री, हे अक्षर तुमचं?"

त्याच्या हातात इंजिनाचं रजिस्टर होतं. मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. रजिस्टर बार्जबरोबर बुडालं, अशी त्याची खात्री होती आणि वकीलबाईंनाही त्याने तेच सांगितलं होतं. बार्ज वर काढली तेव्हा भोंगा तुटून कुठल्या कुठे गेला होता, पण रजिस्टर मात्र पत्र्याच्या पेटीत सुखरूप होतं. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवायची शिस्त खुद्द मिस्त्रीची. कागदपत्रांच्या यादीत 'पेटीतील किरकोळ वस्तू' एवढीच नोंद होती, ती वकीलबाईंच्या नजरेतून निसटली.

"माझंच," मिस्त्री म्हणाला.

"एकोणीस तारखेला, अपघाताच्या दिवशी, भोंग्यासमोर काय लिहिलंय?"

"ठीक."

"बार्ज बुडाली कधी?"

"एकोणीसला."

"आता चोवीस तारीख वाचा."

मिस्त्रीने वाचली नाही. वाचायची गरजच नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला चहा पिता पिता तो तीसही दिवसांचे रकाने भरून टाकायचा. तेल ठीक, पंप ठीक, दिवे ठीक, भोंगा ठीक, खाली सही. सगळ्याच बार्जवर असंच चालायचं. रजिस्टरात 'बंद' लिहिलं की बंदराचे अधिकारी बार्ज अडवून ठेवणार, म्हणून बिघाड कधी कुणी लिहीत नसे. बिघाड तोंडी सांगायचा असतो, हे तो कामाला लागला त्याच आठवड्यात शिकला होता.

"वाचतो मीच," वकील म्हणाला. "चोवीस, भोंगा ठीक. तीस, भोंगा ठीक. म्हणजे मिस्त्री, समुद्राच्या तळाशीसुद्धा भोंगा ठीकच होता."

कोर्टात हशा पिकला. मालकाने मान खाली घातली. शरमेने नव्हे, हसू लपवायला.

"साहेब, तसं लिहायचीच पद्धत आहे," मिस्त्री न्यायाधीशांकडे वळून म्हणाला. "सगळेच लिहितात."

"म्हणजे तुम्ही सवयीने खोटं लिहिता?" वकिलाने विचारलं.

"लिहिणं वेगळं, साहेब. सांगणं वेगळं."

यावर तर शिपाईसुद्धा हसला. मिस्त्री आयुष्यात इतकं खरं कधी बोलला नव्हता.

निकाल दोन महिन्यांनी लागला. साठ टक्के चूक सुकाण्याची, चाळीस टक्के जहाजाची. मालकाला बिघाडाची माहिती होती, हे सिद्ध झालं नाही. मिस्त्रीला न्यायाधीशांनी एका वाक्यात निकालात काढलं. या साक्षीदाराच्या शब्दावर विसंबता येत नाही.

बाहेर पायऱ्यांवर बहीण बराच वेळ फाईल छातीशी धरून उभी राहिली. मिस्त्री रिक्षा बघायला निघाला, तशी तिने त्याची बाही धरली.

"दादा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"भोंगा खरंच बंद होता?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "की ह्यांना डुलकी लागली होती आणि तू ते पिंपाचं... मला बरं वाटावं म्हणून?"

मिस्त्रीला वाटलं, त्या दिवशी पाण्यातून वर आलोच नसतो तर बरं झालं असतं.

"तुझी शपथ, बंद होता," तो म्हणाला. "तुझ्या पोरींची शपथ."

"बरं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

आणखी एक शपथ घ्यायला मिस्त्रीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कोर्टातही त्याने शपथ घेऊनच सांगितलं होतं.